डबीतले नाणे आणि माथेरानचा डोंगर

शाबान सरत आला की आमच्या घरातले कपाट रिकामे होते. रमजानचा चंद्र दिसायच्या आत जकातीचा हिशेब पुरा झाला पाहिजे, ही आमच्या दादीची शिस्त. दादी अल्लाहला प्यारी होऊन बरीच वर्षे झाली, पण शिस्त घरात राहिली. बांगड्या, पैंजण, बँकेची पासबुके, कुणाकडून यायची उधारी, सगळे सतरंजीवर येते. चाचा चष्मा लावून वहीत एकेक ओळ लिहीत जातात.

यंदा पैंजणांच्या पिशवीखालून एक चौकोनी डबी निघाली. आत तळहात व्यापेल एवढे मोठे नाणे. निवृत्तीच्या पैशांतून चाचांनी हौसेने सरकारी टांकसाळीकडून मागवलेले, ७५ रुपयांचे. आमच्या आठवीतल्या मुलीने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "चाचा, हे पैशांत धरायचं की चांदीत?"

चाचांना चटकन उत्तर सुचले नाही. तोवर तिने दुसरा प्रश्न टाकला. "परवा वर्गात एकीने मला विचारलं, स्वातंत्र्याच्या लढाईत तुमच्या लोकांनी काय केलं? मला काही सांगता आलं नाही. या नाण्यावर आपलं कुणी आहे का?"

सतरंजीवरचा हिशेब तिथेच थांबला. पुढचे काही दिवस आम्ही सगळे त्या दोन प्रश्नांच्या मागे होतो. त्यात जे हाती लागले ते आपल्या वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण हे प्रश्न आमच्याच घरात विचारले जात असतील असे आम्हाला वाटत नाही.

तीन रुपये एका पारड्यात

पहिला प्रश्न सोपा वाटला म्हणून तो आधी घेतला. नाणे घेऊन आम्ही कर्जतला ओळखीच्या सोनाराकडे गेलो. जाताना अम्मीने दादीचा गाठ मारलेला रुमालही दिला. त्यात दादीचे जुने रुपये होते. काहींवर पाचव्या जॉर्जचा मुकुट घातलेला चेहरा, आणि तीन रुपये सहाव्या जॉर्जचे: १९४२, १९४३ आणि १९४४ सालचे.

सोनाराने नाणे काट्यावर ठेवले. ३५ ग्रॅम. मग त्याने गंमत म्हणून आपला जुना तराजू काढला. एका पारड्यात ७५ रुपयांचे नाणे ठेवले आणि दुसऱ्यात दादीचे ते तीन रुपये. काटा जवळजवळ मधोमध उभा राहिला. रुपये वापरून थोडे झिजले होते, तेवढाच फरक.

यात जादू काही नाही. इंग्रजी अमलातला रुपया बरोबर एक तोळ्याचा असे, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. म्हणूनच आपल्या आज्या सोने तोलायला वजन नसेल तर रुपया ठेवत. तीन रुपये म्हणजे तीन तोळे, आणि तीन तोळे म्हणजे ३५ ग्रॅम.

खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. सोनाराने आधी पाचव्या जॉर्जचा एक रुपया दगडी पायरीवर टाकला. तो लांबवर घुमत राहिला. मग १९४३ चा टाकला. त्याचा आवाज लवकर बसला. "हा बंदा रुपया," पहिल्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आणि हा लढाईचा."

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या रुपयात १२ भागांपैकी ११ भाग चांदी असे. १९४० मध्ये युरोपात जर्मनीची सरशी होऊ लागली, तसे हिंदुस्थानातले लोक घाबरले. नोटा नकोत, चांदी हवी, असे म्हणून त्यांनी रुपये घरात साठवायला सुरुवात केली. सरकारला नाणी पुरेनात. तेव्हा एक रुपयाची नोट काढण्यात आली आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. जुने चांगले रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद करून परत मागवले गेले. नव्या रुपयात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. १९४७ मध्ये तर रुपया निव्वळ निकेलचा झाला.

आता ७५ रुपयांच्या नाण्याची सरकारी माहिती पाहा: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. इंग्रज सरकारने लढाईच्या अडचणीत जे मिश्रण केले, तेच मिश्रण त्या सरकारविरुद्ध लढलेल्या माणसाच्या नाण्यात आहे. आपल्याकडची चांदीची कितीतरी स्मारक नाणी याच मिश्रणाची निघाली आहेत.

जकातीपुरते सांगायचे तर या नाण्यात शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅम आहे. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम सांगितला जातो. केवळ अशा नाण्यांनीच तो भरायचा झाला तर ३५ नाणी लागतील. पण घरातली रोकड आणि बाकीची चांदीही हिशेबात येते, आणि मिश्र चांदी कशी धरायची याबाबत फिकहमध्ये मतभेद आहेत. आमच्या मौलानासाहेबांनी आम्हाला शुद्ध चांदीपुरती किंमत आजच्या भावाने धरायला सांगितली. वाचकांनी आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे.

नाण्यावर कोण आहे

दुसऱ्या प्रश्नासाठी नाणे पुन्हा हातात घेतले. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, खाली 'सत्यमेव जयते', दोन्ही बाजूंना 'भारत' आणि 'इंडिया', आणि ७५ हा आकडा. दुसऱ्या बाजूला तिरंग्याला सलामी देणारे नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांच्या मागे अंदमानचे सेल्युलर जेल.

३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्याला ७५ वर्षे झाली तेव्हा, म्हणजे ३० डिसेंबर २०१८ रोजी, हे नाणे पंतप्रधानांच्या हस्ते पोर्ट ब्लेअरलाच प्रसिद्ध झाले. नाण्याचा व्यास ४४ मिलिमीटर आहे आणि कडेला २०० दाते आहेत.

अशी नाणी बाजारात फिरण्यासाठी नसतात. वर ७५ रुपये लिहिलेले असले तरी ७५ रुपयांत ते मिळत नाही. चांदीची किंमत आणि घडणावळ धरून टांकसाळ ते विकते. एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगून टाकतो. चाचांनी हे नाणे घेण्याआधी एका दुकानातून नेताजींचे चित्र असलेले 'चांदीचे सरकारी नाणे' घेतले होते. ते सरकारी नव्हते आणि चांदीचेही नव्हते, वर नुसता मुलामा होता. खऱ्या नाण्यावर सिंहमुद्रा आणि रुपयांतली किंमत असतेच, आणि वजन व व्यास सरकारी राजपत्रात छापलेले असतात. घेण्याआधी वजन करून पाहावे. आणखी एक: सरकारी नाणे वितळवणे हा नाणे कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा अडचणीत मोडून पैंजण करू, असे मनात धरून ते घेऊ नये.

जे नाण्यावर मावले नाहीत

"म्हणजे नेताजी एकटेच," मुलगी म्हणाली. चाचांना हाच प्रश्न हवा होता. त्यांनी कागद घेतला आणि नावे लिहायला सुरुवात केली.

पहिले नाव आबिद हसन सफरानी. हे हैदराबादचे. जर्मनीत इंजिनिअरिंग शिकत होते, शिक्षण सोडून नेताजींबरोबर गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनीच्या कील बंदरातून एक पाणबुडी निघाली. तिच्यात हिंदी माणसे दोनच होती, नेताजी आणि आबिद हसन. आफ्रिकेला वळसा घालून मादागास्करजवळ पोहोचल्यावर खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून दोघे जपानी पाणबुडीवर गेले. मे महिन्यात सुमात्राच्या किनाऱ्याजवळ साबांगला ते जमिनीवर उतरले. तीन महिने एका अरुंद लोखंडी पेटीत काढलेले हे दोघे. पुढे आबिद हसन आझाद हिंद फौजेबरोबर इम्फाळच्या आघाडीवर होते. स्वातंत्र्यानंतर ते देशाचे राजदूत झाले.

नाण्याच्या संदर्भात त्यांची मोठी आठवण वेगळीच आहे. फौजेत हिंदू, मुसलमान, शीख असे सगळे होते आणि जो तो आपापल्या धर्माप्रमाणे दुसऱ्याला अभिवादन करी. नेताजींना सगळ्यांच्या तोंडी बसेल असा एकच शब्द हवा होता. आबिद हसन यांनी शोधून दिला: 'जय हिंद'. आमच्या मुलीच्या शाळेत रोज सकाळी प्रार्थनेच्या शेवटी हाच शब्द म्हटला जातो. तो कुणी दिला हे तिला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आमच्यातल्या निम्म्या लोकांनाही नव्हते.

दुसरे नाव शाहनवाज खान. १९४५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या लाल किल्ल्यात ज्या तिघांवर एकत्र खटला चालला त्यातले एक. बाकी दोघे प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग ढिल्लों. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. जानेवारी १९४६ मध्ये जनतेच्या दबावापुढे सरकारला तिघांनाही सोडावे लागले.

तिसरे नाव आपल्या मुंबईचे, युसूफ मेहेरअली. १९४२ साली ते मुंबईचे महापौर होते. 'सायमन परत जा' ही घोषणा त्यांची, आणि 'क्विट इंडिया', म्हणजे आपण ज्याला 'चले जाव' म्हणतो, तो शब्दही त्यांचाच. ४६ वर्षांचे आयुष्य, त्यातला बराच भाग तुरुंगात. आमच्या रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ मुंबई-गोवा रस्त्यावर तारा गावी त्यांच्या नावाचे युसूफ मेहेरअली सेंटर आहे. डॉ. जी. जी. पारीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उभे केले. पेणला नातेवाइकांकडे जाताना आम्ही त्या पाटीवरून कितीतरी वेळा गेलो असू.

चौथे नाव मौलाना अबुल कलाम आझाद. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँकवर ठराव झाला तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष तेच होते. दुसऱ्या दिवशी पहाटे अटक झाली आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात, आजच्या अहिल्यानगरात, ठेवले गेले. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या बेगम जुलैखा कलकत्त्यात वारल्या. आजारपणाची बातमी किल्ल्यात येत होती, पण इंग्रज सरकारकडे सवलतीचा अर्ज करायला मौलानांनी नकार दिला. शेवटची भेट झाली नाही. मौलानांचे मात्र नाणे आहे. त्यांच्या १२५ व्या जयंतीला सरकारने पाच रुपयांचे नाणे काढले होते.

कागद भरला. चाचांनी तो मुलीच्या हातात ठेवला. "घे. उद्या वर्गात वाचून दाखव."

मागचा दरवाजा

आमचे अब्बा इतका वेळ खुर्चीत बसून ऐकत होते. ते म्हणाले, "यादी झाली? आता मागचा दरवाजा उघड."

आमचे घर चौकला आहे. मागच्या दारातून सरळ माथेरानचा डोंगर दिसतो. वर जो कडा आहे त्याला माथेरानात चौक पॉइंट म्हणतात, कारण तिथून खाली आमचे गाव दिसते. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा मुक्काम चौकला होता. इथूनच तो डोंगर चढून गेला आणि मग साहेबांचे थंड हवेचे ठिकाण म्हणून माथेरान वसले. शाळेच्या पुस्तकात माथेरान मॅलेटने 'शोधले' असे असते. त्याआधी तिथे जाणाऱ्या ठाकरांना आणि कातकऱ्यांना ते सापडलेलेच होते, हे अब्बा दर वेळी न चुकता सांगतात.

"त्या डोंगरावर १९१२ साली एक मुलगा जन्मला," अब्बा म्हणाले. "तो तुझ्या यादीत नाही."

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणत. घर नाभिक समाजातले आणि गरीब. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. कर्जत भागातल्या शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींसाठी त्यांनी शाळा काढल्या. सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या सुरू केल्या. १९४२ ची चळवळ सुरू झाली आणि पुढारी तुरुंगात गेले, तेव्हा ते भूमिगत झाले. तरुणांना घेऊन त्यांनी आझाद दस्ता उभा केला.

दस्त्याने काय केले हे समजायला आमचा भाग ठाऊक हवा. खोपोलीला १९१५ पासून आणि भिवपुरीला १९२२ पासून टाटांची वीजकेंद्रे आहेत. घाटावरचे पाणी नळांतून खाली येते आणि त्यावर वीज होते. ही वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईला जाई. मुंबईच्या गिरण्या, कारखाने आणि रेल्वे त्यावर चालत, आणि लढाईच्या काळात त्या गिरण्या-कारखान्यांतला माल इंग्रजांच्या युद्धाला जाई. भाई कोतवालांच्या दस्त्याने रात्री जाऊन हे मनोरे कापले. एक पडला की दुसरा. मुंबईतली यंत्रे थांबू लागली.

"मग आपल्याकडे अंधार झाला असेल," मुलगी म्हणाली.

अब्बा हसले. "आपल्याकडे वीज होती कुठे? दादी सांगायची, तारा डोक्यावरून जायच्या आणि घरात घासलेटची चिमणी. लढाईत तर घासलेटही मोजून मिळायचं."

मनोरे पडल्यावर सरकारने दस्त्याचा शोध सुरू केला. कर्जतच्या पुढे, मुरबाडच्या बाजूला सिद्धगडचे जंगल आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल नावाच्या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने तिथे दस्त्याला गाठले. मानिवलीचे हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथे गोळीला बळी पडले. कोतवालांचे वय ३० वर्षे होते.

खोलीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग अब्बा म्हणाले, "तुला वर्गात विचारलं, तुमच्या लोकांनी काय केलं. तू यादी घेऊन जा, जरूर जा. खोटं तर काही नाही त्यात. पण भाई कोतवाल आपले लोक नाहीत का? ज्या डोंगराचं पाणी आपण पितो तिथला तो माणूस. जो हिशेब त्या पोरीने मांडला तोच आपणही मांडला, तर मग तिचं काय चुकलं?"

चाचांनी कागद परत घेतला आणि मौलानांच्या नावाखाली दोन नावे लिहिली: भाई कोतवाल, हिराजी पाटील.

या ठिकाणी आम्हाला आमच्याच मासिकांकडे आणि जलशांकडे पाहावेसे वाटते. ऑगस्ट महिना आला की आपणही याद्या छापतो, कोणत्या तुरुंगात आपले किती, कोणत्या फासावर आपले किती. त्या याद्या लागतात, कारण विसरायला लावणारे पुष्कळ आहेत, आणि वर्गातल्या मुलीला उत्तर द्यावेच लागते. पण यादी करताना आपण आपल्या गावातल्या शेजाऱ्याला बाहेर ठेवले, तर आपल्या मुलांना निम्माच इतिहास दिला असे होईल. त्यातली चांदी निम्मी झाली, लढाईच्या रुपयासारखी.

नेरळपर्यंत

पुढच्या रविवारी आम्ही मुलांना घेऊन कर्जतला गेलो आणि तिथून लोकलने नेरळला. वाटेत भिवपुरी रोड स्टेशन लागते. खिडकीतून विजेचे मनोरे दिसतात. मुलांनी ते आधीही शंभरदा पाहिले होते, पण या वेळी धाकट्याने विचारले, "एवढा लोखंडी मनोरा हाताने कसा कापायचा?" आम्ही सांगितले, रात्री, गुपचूप, करवतीने, आणि कुणी पाहिले तर जीव गेला असे धरून.

नेरळला हुतात्मा चौकात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचे स्मारक आहे. रिक्षा आणि माथेरानला जाणारे पर्यटक यांच्या गर्दीत ते उभे आहे. मुंबईला दादरमध्ये प्लाझा सिनेमाजवळचे वीर कोतवाल उद्यानही याच माणसाच्या नावाचे. आपल्यापैकी कितीतरी जण तिथे बसची वाट पाहत उभे राहिले असतील. सिद्धगडला दर २ जानेवारीला लोक जमतात. तिथे जायचे आमचे ठरले आहे, इन्शाअल्लाह.

परत येताना मुलीने एक गोष्ट हेरली. भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ ला गेले आणि नेताजींनी तिरंगा फडकवला ३० डिसेंबर १९४३ ला. वर्षाची दोन टोके. मधल्या महिन्यांत आबिद हसन पाणबुडीत होते आणि जुलैखा बेगम नवऱ्याची वाट पाहत होत्या. दादीच्या रुमालातला मधला रुपयाही त्याच सालचा.

त्याच साली जूनच्या एका रात्री आणखी एक मुलगी एका लहानशा विमानातून फ्रान्सच्या शेतात उतरली होती. नूर इनायत खान. टिपू सुलतानाच्या वंशातली म्हणून तिचे घराणे ओळखले जाते. तिचे वडील सूफी हजरत इनायत खान यांचा जन्म बडोद्याचा. पणजोबा मौलाबख्श यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात संगीतशाळा काढली होती. जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये बिनतारी संदेश पाठवण्यासाठी गेलेली ती पहिली स्त्री. साथीदार पकडले जात असताना परत यायची संधी तिने नाकारली. सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत तिला मारले. वय भाई कोतवालांएवढेच, ३० वर्षे. ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला आणि २०१४ मध्ये तिचे टपाल तिकीट काढले.

धाकट्याला कोडे पडले. "ती इंग्रजांच्या बाजूने आणि कोतवाल इंग्रजांच्या विरुद्ध. मग बरोबर कोण?" अब्बांनी थोडक्यात सांगितले: दोघांनीही दुसऱ्याच्या घरात बंदूक घेऊन शिरलेल्याला 'निघ' म्हटले. घरे वेगळी होती.

आणि मुलांपासून लपवू नये अशी एक गोष्ट. नेताजींचा तिरंगा अंदमानात फडकला तेव्हा बेटे जपानी सैन्याच्या ताब्यात होती आणि तिथल्या सामान्य माणसांनी जपान्यांचा भयंकर जुलूम सोसला. नाण्यावर जेलची इमारत आहे, त्या माणसांना त्यावर जागा मिळाली नाही. ४४ मिलिमीटरमध्ये किती मावणार?

खिशातले आणि डबीतले

स्मारक नाण्याचा आपल्याकडचा रिवाज १९६४ पासूनचा. पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांचे पहिले नाणे निघाले. गांधीजींच्या जन्मशताब्दीला १९६९ मध्ये दहा रुपयांचे चांदीचे नाणे निघाले, त्यात ८० टक्के चांदी होती. पुढे चांदीची नाणी संग्राहकांच्या डबीत गेली आणि रोजच्या खिशात निकेल-पितळेची स्मारक नाणी राहिली.

आम्हाला यातले खिशातले नाणे जास्त भावते. मौलाना आझादांचे पाच रुपये भाजीवाल्याकडून रिक्षावाल्याकडे, तिथून मुलाच्या गल्ल्यात गेले. हातात आल्यावर कुणीतरी विचारले असेल, हे टोपीवाले कोण? फ्रान्सनेही १९९३ मध्ये आपला प्रतिकारवीर जाँ मुलाँ याच्यासाठी रोजच्या वापरातले दोन फ्रँकचे नाणे काढले होते. तोही १९४३ मध्येच जर्मनांच्या छळाने मेला. चांदीचे नाणे मान देते, पण डबीत पडून राहते. आमचे तर पैंजणांच्या पिशवीखाली होते. जकातीचा हिशेब निघाला नसता तर मुलीने ते पाहिलेही नसते.

कुणाचे नाणे काढायचे हे सरकार ठरवते. आमच्या डबीत भाई कोतवालांचे नाणे नाही, हिराजी पाटलांचे नाही, आबिद हसन यांचे नाही. पण आठवण ठेवायला टांकसाळ लागत नाही. मागचा दरवाजा लागतो, आणि खुर्चीत बसलेले कुणी वडीलधारे, जोवर ते आहेत तोवर.

म्हणून वाचकांना एक विनंती. या रमजानमध्ये इफ्तारनंतर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला तीन गोष्टी विचारा. लढाईच्या दिवसांबद्दल तुमच्या आईवडिलांनी काय सांगितले? आपल्या गावातून कोण चळवळीत होते, कोणत्याही समाजातले? आणि घरात त्या काळची एखादी वस्तू आहे का? जे सांगतील ते मुलांच्या हाताने वहीत लिहून ठेवा. गावाचे नाव, साल, सांगणाऱ्याचे नाव. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा.

मुलीने वर्गात काय सांगितले ते आम्ही विचारले नाही. तिने दादीचा १९४३ चा रुपया मागून नेला होता आणि संध्याकाळी परत आणून दिला. "त्या मुलीने हातात घेऊन पाहिला," एवढेच म्हणाली. "तिच्या आजीकडेही आहेत असे."

त्या रात्री हिशेब पुरा झाला. चाचांनी वहीत लिहिले: नाणे एक, चांदी साडेसतरा ग्रॅम. त्याखाली मुलीच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: दादीचे रुपये तीन, १९४२, १९४३, १९४४, चांदी निम्मी. दोन्हींची बेरीज करून चाचांनी रक्कम काढली आणि मग कपाट पुन्हा भरले. नाण्याची डबी मात्र या वेळी पिशवीखाली गेली नाही. ती मागच्या दाराजवळच्या फडताळात, मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवली आहे.